तीन भिंगांतला किडा

आता काय सांगू बायांनो, हसायचं तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सुरू झाले की मध्ये थांबायची नाही!

तेव्हा आम्ही अमळनेरला होतो. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला, आणि मी नवीनच आई. बबन शिंकला तरी देव पाण्यात घालणारी! त्यात त्याचं पोट बिघडलं. रडून रडून माझं काजळ गालावर, गालावरचं पदराला.

मी म्हटलं, पोराला पाणी उकळून देते. चुलीपुढून सासूबाई कडाडल्या, "याच विहीरनं पानी पिसन तुना नवरा येवढा मोठा व्हयना! सरपन काय झाडवर लागस का?"

आता सरपण कुठं लागतं, हे मी विचारलं नाही. सून होते ना!

त्याच रविवारी यांनी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला घरी आणला. वर डोळा लावायची पितळी नळी, खाली एक फिरतं चाक आणि चाकाला म्हशीच्या सडांसारखी लोंबणारी तीन भिंगं. आखूड, मधलं, लांब. चाक ढिलं झाल्यामुळे भिंग जागेवर ठरत नव्हतं. यांनी पेच आवळला.

"बघ, फिरवलं की खट् वाजतं. खट् वाजलं की भिंग बसलं. आखुडातून वस्तू जरा मोठी दिसते, लांबातून फार मोठी. हात लावू नकोस." आणि हे तेल आणायला बाजारात गेले.

हात लावू नकोस? सातवी पास बाईला?

मी माठातला थेंब काचेवर टाकला आणि डोळा लावला. सगळं धुरकट! मग नळीतली वरची काच उपसून काढली, पदरानं आतबाहेर खसाखसा पुसली, परत बसवली आणि पाहिलं...

अगं माय! काळा, वाकडा, तंगड्या पसरलेला किडा!

चाक फिरवलं. खट्! तोच किडा. पुन्हा खट्! तोच! पाणी धूसर, पण किडा ठसठशीत. तीन साक्षीदार आणि तिघांची जबानी एक. कोर्टात तरी आणखी काय लागतं?

"आत्याबाई, या, बघा तुमची विहीर!"

सासूबाईंनी डोळा लावला. "हाऊ काय शे व माय?"

मी चाक फिरवलं. खट्!

"आठे बी तोच!" त्या पोट धरून खालीच बसल्या. "बठ्ठा जलम मी ह्यालेच पेत उनी?" म्हणजे जन्मभर हाच किडा प्यायल्या की हो!

शेजारची शेवंताअक्का आली ती तांब्या घेऊनच. "आमचं पाणी नळाचं हो, तुमच्यासारखं विहिरीचं नाही." थेंब टाकला. तोच किडा! अक्काच्या नाकाचा शेंडा पांढरा पडला. मग तिनं हळूच दूध आणलं. दुधातही तोच!

"म्हणजे दुधात विहिरीचं पाणी आहे!" मी न्यायाधीशासारखी बोलले. दूधवाला गल्लीतच होता. त्याला ओढून आणला, डोळा लावायला लावला. खट्, खट्, खट्. बिचाऱ्यानं कान पकडले.

"वहिनी, थोडंच टाकस पानी! आते नही टाकणार!"

मग काय विचारता! गल्लीतल्या एकूण एक चुलीवर पाणी चढलं. हे तेल घेऊन आले ते डोळे चोळतच. "एवढा धूर? कुणाकडे लग्न आहे?"

मी ऐटीत किडा दाखवला. यांनी पाहिलं. चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अगं, भिंग बदललं की किडा मोठा व्हायला हवा ना? हा तिन्ही भिंगांत तेवढाच! म्हणजे तो पाण्यात नाही, वरच्या काचेत बसलाय." त्यांनी काच उपसली आणि चिमटीत धरून माझ्यापुढे केले, पदराच्या काजळात चिकटलेले माझ्या पापणीचे दोन केस!

यांनी काच स्वच्छ केली, हाताशी असलेल्या पातेल्यातला थेंब टाकला आणि हाक मारली, "आई, बघ, किडाबिडा काही नाही."

सासूबाईंनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "देख! पानी उकाळं ना, मरी गया!"

पातेलं उकळलेल्या पाण्याचं होतं! यांनी कपाळावर हात मारला. मी मान खाली घातली, पण मनात ढोल वाजत होते. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई स्वतः उठून पाणी चढवायला लागल्या. बबनचं पोट सुधारलं, तो गुबगुबीत झाला. दूध दाट झालं. गल्लीभर माझा मान वाढला. जिंकले की नाही?

जिंकलेच! फक्त एक झालं. त्या रविवारी दिवसभर ओरडून घशाला कोरड पडली होती. त्या आनंदात समोरचा तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला मुद्दाम ठेवलेला कच्च्या पाण्याचा तांब्या होता.

अख्ख्या गल्लीत एकच पोट बिघडलं. माझं!

शेवंताअक्का दारातून सगळ्यांना सांगत होती, "पाहिलंत? किडा खराच होता!" आणि सासूबाई उकळलेल्या पाण्याचा पेला माझ्या हातात देत म्हणाल्या, "पी आते. तुनाच किडा शे तो."

आता त्यांना काय सांगू? खरंच माझाच होता की हो!