मला समजलेली हाक

दत्ता बुडाला त्या दिवशी मला सगळं समजत होतं. चूक माझी होती. हे मी आजवर घरात बोललो नाही, देवळात नाही — एका माणसाला सोडून तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, या भांडणाचे दिवस होते. डिचोलीत आम्ही पोरांनी — पोरं कसली, सत्तावीस वर्षांचा होतो मी — ठरवलं होतं की कोणी कोकणीत बोललं तर समजलंच नाही असं दाखवायचं. घरात आई कोकणीच बोलायची, तरीही.

दत्ता खाणीच्या गॅरेजात माझ्याबरोबर मेकॅनिक. लातूरकडचा. विहिरीत पोहलेला, समुद्र कधी न पाहिलेला. रविवारी त्याला मोरजीच्या किनाऱ्यावर नेलं — मीच.

लाटा फुटत होत्या, पण मधला एक पट्टा शांत दिसत होता. दत्ता तिकडेच निघाला. वाळूत बसून जाळं सांधणारा जानू नावाचा मच्छीमार ओरडला, "अरे, थंय देंवूं नाकात. थंय ओड आसा."

तिथे उतरू नका, तिथलं पाणी आत ओढतं. शब्दन् शब्द कळला मला. दत्तानं विचारलं, "काय म्हणतोय रे तो?"

"काही नाही. मराठी ऐकून कावलाय. जा तू."

जा तू. असं कोण सांगतं?

पाणी त्याला आत नेऊ लागलं तेव्हा जानू पुन्हा ओरडला — सरळ किनाऱ्याकडे नको, आडवा पोह, आडवा. दत्ता सरळ माझ्याकडेच हात मारत होता. मी मराठीत एवढं एकच ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही. का? मघाशी समजलं होतं हे उघड झालं असतं म्हणून. भीतीनं थिजलो असं म्हणणं सोपं आहे. थिजलो नव्हतो.

जानू कमरेला दोरी बांधून आत शिरला. त्यानंच दत्ताला बाहेर काढलं. उशीर झाला होता.

पोलिसांना मी सांगितलं — कोणी सावध केलं नाही. डिचोलीभर झालं की मराठी बोलला म्हणून जानूनं त्याला बुडू दिला. मी थांबवलं का ते? उलट चौकात उभा राहून तेच तेच सांगत राहिलो. जानूला दोन दिवस चौकीवर बसवून ठेवलं. दत्ताच्या आईनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्याला शाप दिले. ती तेच खरं धरून वारली.

गोवा राज्य झालं, भांडण निवलं. बारा वर्षांनी मी मोरजीला गेलो. जानूनं एकदाच पाहिलं आणि मान पुन्हा जाळ्यात घातली.

"तुका आमची भास समजना न्हय? मागीर हांगा कित्याक आयला?"

भाषा समजत नाही तर इथे कशाला आलास, म्हणाला; मी त्याच्यासमोर वाळूत बसलो. मग आईच्या भाषेत माझं खोटं कबूल केलं, "जानूबाब, त्या दिसा म्हाका सगळें समजल्लें. पुलिसांक हांवें फटोवन सांगलें. म्हजें चुकलें."