सूर्यास्तानंतरची पेज

नेमगोंडा आप्पा सूर्य बुडायच्या आत जेवायचे. जैन घरांत हा नेम नवा नाही; निपाणीत तो पाळणारे पुष्कळ होते. पण आप्पांइतका कडक कुणाचा नव्हता. तंबाखूचा सौदा अर्ध्यावर असो की नगरपालिकेची सभा रंगात आलेली असो, उन्हं पिवळी झाली की ते टोपी सारखी करून उठत. "उजेडात बसंल तेवढंच आपलं," म्हणत. जेवण झालं की ताटावर आडवा हात धरून कानडीत म्हणत, "साकु." म्हणजे पुरे. मग सून आग्रह करीत नसे.

मी कोगनोळीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. आप्पांच्या सोप्यात राहून, त्यांच्या पंगतीला जेवून मॅट्रिक झालो. पुढे आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि निपाणीतच मास्तर म्हणून आलो. तरी त्यांची जेवायची हाक थांबली नाही. "मास्तर, चल रं, दिवस हाय तवर दोन घास खा." त्या घासांचं ऋण माझ्यावर आहे.

गावात एक बाग होती. प्लेगच्या साली एका गोऱ्या साहेबाने गाव रिकामं करून लोकांना माळावरच्या झोपड्यांत हलवलं होतं. पुढे त्याच माळावर ही बाग झाली आणि तिला साहेबाचं नाव दिलं गेलं. आप्पा त्या बागेत कधी गेले नाहीत. कुंपणाबाहेरून वळसा घालून जात. त्यांची बायको, पद्माक्का, त्या माळावरच वारली, एवढं गावाला ठाऊक होतं.

स्वातंत्र्य आलं आणि बागेचं नाव बदलायची चर्चा सुरू झाली. हॉटेलात दुसरा विषय नसे.

"घरांची छपरं उतरवली त्यानं. देव्हारे रस्त्यावर टाकले!"

"उतरवली म्हणून तुझा आज्जा वाचला, लेका. न्हाईतर तू कुठनं आला असतास?"

नगरपालिकेतही आप्पांना सोडून बाकीचे सभासद निम्मेनिम्मे झाले. आप्पा सभासद होते. त्यांचा हात कोणत्या बाजूला वर होणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

त्या दिवशी हा विषय सर्वांत शेवटी आला. मी मागच्या बाकावर बसलो होतो. उन्हं गेली, दिवे लागले, तरी आप्पा उठले नाहीत.

"आप्पा, सूर्य बुडाला की! आज उपास व्हय?" एकाने विचारलं.

"व्हय. तुमच्यापायी."

सगळे हसले. मग आप्पा उभे राहिले. बाजारभाव सांगावा तसे सपाट आवाजात बोलले.

"माळावर सायबाची पेजंची गाडी दिवं लागल्यावर यायची. आमच्यात रातीचं चालत न्हाय, जरा लवकर धाडा, म्हणून मी जाऊन सांगितलं. सायेब म्हणाला, सगळ्यांस्नी एकच येळ. हिच्या अंगात ताप, पोटात काय न्हाय. त्या सांजंला ती म्हणाली, द्या वाईच. मी म्हटलं, सूर्य उगवू दे. वाटी परत धाडली." त्यांनी टोपी सारखी केली. "सूर्य उगवला, तवा ती न्हवती. गाडी सायबाची, हात माझा. बागंच्या फळीवरनं त्याच्या एकट्याचं नाव काढाय मी हात वर करणार न्हाय. ठेवाय बी न्हाय."

ते बसले. कुणीतरी मागून पुटपुटलं, "सायबाचा माणूस." आप्पांनी ऐकलं असावं, मान वळवली नाही. मतं सारखी पडली आणि अध्यक्षांच्या मताने साहेबाचं नाव गेलं.

घरी जाताना त्यांनी नेहमीसारखा कुंपणाबाहेरून वळसा घेतला. मी विचारलं, "आप्पा, मग हा नेम अजून का पाळता?"

ते म्हणाले, "आता मोडला तर ती इचारंल, मग त्या दिवशी का पाळला?"

त्याच थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. एका संध्याकाळी सुनेने पेज आणली. दिवसभर त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, सूर्य हाय?"

मी खिडकीकडे पाहिलं. "न्हाय, आप्पा."

त्यांनी वाटीवर आडवा हात धरला. "साकु."

उजाडायच्या आत ते गेले. माणसं जमू लागली. वाटी कोनाड्यात तशीच होती. पेजेवर साय धरली होती.