सुकापूरला नेट दुरुस्त करायला

लोक पनवेलला लग्नाला जातात, फ्लॅट बघायला जातात, नाहीतर तिथून पुढे कोकणात जातात. मी साताऱ्याहून पनवेलला निघालो तो नेट दुरुस्त करायला. शेजारच्यांनी विचारलं तेव्हा हे सांगायची लाजच वाटली, कारण जायचं होतं ते सुतकाच्या घरात.

माझी चुलतबहीण शकूताई सुकापूरला राहते. तिचे यजमान, आमचे भाऊजी, सकाळी चहा पिता पिता गेले. एकुलती एक मुलगी प्राची कॅनडात; तिला आठवा महिना, डॉक्टरांनी विमानाला सक्त मनाई केलेली. अंत्यदर्शनाच्या वेळी कुणीतरी खुर्चीवर लॅपटॉप ठेवून तिला व्हिडिओ कॉल लावला, आणि चित्र गोठलं ते गोठलंच. पोरीला बापाचा चेहरा दिसलाच नाही. कुणाचं तरी कोपर दिसत राहिलं आणि तुटक तुटक रडणं ऐकू आलं. मागाहून कुणी फोटो पाठवला, तो तिने उघडला नाही. “तेराव्याला तरी घर नीट दिसू दे,” एवढंच ती आईला म्हणाली. मी उभा जन्म शाळेत कॉम्प्युटर शिकवण्यात घालवलेला, तेव्हा ताईने मला दोन दिवस आधी बोलावून घेतलं.

घाट उतरला तशी हवा चिकट झाली. कळंबोलीपाशी न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरांची रांग लागली होती आणि आमची एसटी तिच्यात मुंगीच्या पावलांनी सरकत होती. भाऊजी याच धुरातून रोज द्रोणागिरीच्या गोदामावर जायचे आणि घरी येऊन कधी कुरकुरायचे नाहीत. मला अर्ध्या तासातच सगळ्या जगाचा राग आला होता.

स्टँडवर कोमट चहा घेतला आणि रिक्षा धरली.

“सुकापूरला कुठं? बिल्डिंगचं नाव सांगून उपयोग नाय, रोज नवीन उगवते. खूण सांगा,” रिक्षावाला म्हणाला.

“विहिरीला लागून. खाली टेम्पो उभे असतात.”

“म्हंजी दादांची बिल्डिंग!” त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. “गेले ना ओ दादा. माझी पोरगी त्यांच्या गॅलरीखाली बसून बारावीची लेक्चरं बघायची. नेट त्यांचाच.”

मी नुसतं “हं” केलं. तेव्हाच डोकं चालवलं असतं तर पुढची यातायात वाचली असती.

घरात शिरलो. जिथे भाऊजींचा प्राण गेला त्या कोपऱ्यात रीतीप्रमाणे दिवा तेवत होता, आणि दिव्याशेजारी त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला. घराचं सगळं नेट त्या फोनवर. रस्ता खणताना केबल तुटली ती परत कुणी जोडलीच नव्हती, त्यामुळे लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवरच चालायचा. फोनचा स्वतःचा कॅमेरा कधीच फुटलेला. ताईचा फोन बटणांचा, आणि माझ्या फोनला त्या घरात जेमतेम एक दांडी. शिवाय ताईचं म्हणणं एकच, “प्राचीचा फोन ह्यांच्या फोनवरूनच लागेल.”

मी कामाला लागलो. आधी फोन खिडकीत न्यायला हवा होता, कोपऱ्यात त्याला रेंज कुठून मिळणार! मी उचलला तेव्हा ताईने तोंड फिरवलं. मला चोरी केल्यासारखं वाटलं. मग डेटा सेव्हर बंद केला. लॅपटॉप प्राचीचा, जुना. तो गुपचूप नेटवर फोटो चढवत बसला होता, तेही थांबवलं. ते सगळे फोटो भाऊजींचेच होते, अलिबागला, हॉटेलात, नारळपाणी पिताना. हॉटस्पॉटचा पट्टा, म्हणजे बँड, बदलून पाहिला तर लॅपटॉपला तो दिसेचना, म्हणून पुन्हा पहिल्यावर आणला. शेवटी वायरने जोडावं म्हटलं, तर घरातली वायर फक्त चार्जिंगची निघाली. पनवेलच्या बाजारात जाऊन दुसरी आणली.

दुपारी घर रिकामं असताना चित्र आरशासारखं स्वच्छ आलं. प्राचीकडे तेव्हा पहाट होती. ती जागीच होती. “मामा, दिसतंय!” ती म्हणाली, आणि मला उगाचच विजय मिळाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी माणसं भेटायला येऊ लागली आणि नेट बसलं. माणसं गेली, नेट उठलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी फोन उलटापालटा केला, बंद करून चालू केला, गरम झाला म्हणून पंख्याखाली धरला. काही उपयोग होईना.

शेजारच्या वैजूकाकू जेवण घेऊन आल्या. ही इमारत त्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतावर उभी आहे, आणि सुतकाच्या घरात चूल पेटू द्यायची नाही म्हणून त्या रोज दोन वेळा डबा आणत होत्या. तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या कडव्या वालांची आमटी). मी ताटावर बसलो होतो आणि त्यांच्या हातातला फोन सारखा टिंगटिंग करत होता.

“काकू, फोन जरा बघू?”

वरच्या पट्टीत भाऊजींचं नाव होतं. फोन त्यांच्या हॉटस्पॉटला लागलेला.

“ता आपोआप लागतं,” काकू म्हणाल्या. “दादांनी पासवर्ड टाकून दिला व्हता ना. माझ्या फोनात, सुनेच्या, समद्यांच्या. लॉकडाऊनला पोरांच्या शाळा मोबाइलवर आल्या, तवा कुनाकडं नेट व्हतं? दादा बोलले, घ्या.”

दार उघडं होतं. जिन्यात, गॅलरीत, आतल्या खोलीत माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या खिशात एक फोन होता. उंबरठ्याजवळ आला की तो भाऊजींना ओळखत होता.

“एवढे फोन एकाच नेटवर, म्हणून चित्र अडकतं,” माझ्या तोंडून निघून गेलं. काकूंचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“म्हंजी त्या दिशी...” त्यांनी आवाज खाली आणला. “त्या दिशी तर आख्खा गाव व्हता हितं. पोरीला बापाचा तोंड दिसला नाय, ता आमच्यामुळं?”

मी त्यांचा फोन त्यांच्या हातात परत दिला. ते हो म्हणण्यासारखंच होतं, आणि त्यांना ते कळलं.

ताईला म्हटलं, “पासवर्ड बदलू? एका मिनिटाचं काम आहे.”

“नको,” ती म्हणाली. “ह्यांनी दिलेलं मी काढून नाही घेणार.”

तेराव्याला सकाळी मी बाहेर आलो तर दाराशी चपलांच्या शेजारी वैजूकाकू पितळेची परात घेऊन उभ्या. येणारा प्रत्येक जण फोन बंद करून त्या परातीत ठेवत होता. कारण कुणी विचारलं नाही. काकूंनी रात्रीत घरोघर सांगितलं असावं. रिक्षावालाही आला होता, त्यानेही ठेवला.

प्राचीला कॉल लावला. फोटो, हार, पानं, पानांवरचं गोडधोड, भिंतीला टेकून बसलेली माणसं, सगळं लख्ख. तिने एकेकाला ओळखलं. मग म्हणाली, “मामा, बाबा जिथे होते तो कोपरा दाखव ना.”

मी लॅपटॉप तिकडे फिरवला. दिवा नुकताच हलवला होता. खाली फरशीवर तेलाचा एक गोल डाग राहिला होता. ती बघत राहिली. चित्र एकदाही अडकलं नाही, आणि मला वाटलं, आता तरी अडकावं.

“इतकं स्वच्छ दिसतंय,” ती म्हणाली. “मामा, त्या दिवशी पण असं करता आलं असतं का?”

वैजूकाकू परात पोटाशी धरून दारात उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“नाही गं,” मी म्हटलं. “त्या दिवशी इकडे रेंजच नव्हती.”

ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर नीट केला.

दुसऱ्या दिवशी निघालो. ताईने फोन परत कोपऱ्यात ठेवला होता, हॉटस्पॉट चालूच. “संध्याकाळी पोरं येतील अभ्यासाला,” ती म्हणाली. स्टँडपर्यंत सोडायला वैजूकाकूंचा मुलगा येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. मला कुणाशी बोलायचं नव्हतं. एवढा चांगला माणूस, आणि त्याच्या चांगुलपणानेच त्याच्या पोरीची शेवटची भेट अडवली, हे कुणाकडे मांडायचं तेच मला समजत नव्हतं. दोष द्यायला माणूस सापडला असता तर बरं झालं असतं.

घाट सुरू होता होता प्राचीचा मेसेज आला. “थँक्यू मामा. त्या दिवशी खरंच रेंज नव्हती ना?”

“नव्हती,” असं लिहून मी पाठवलं. पण एव्हाना बस वर चढली होती आणि फोनला खरोखरच रेंज नव्हती. त्या एका शब्दाखाली, मेसेज अजून गेला नाही असं सांगणारं छोटं घड्याळ दिसत राहिलं. खंडाळ्याला रेंज येईपर्यंत मला तो शब्द पुसता आला असता. मी पुसला नाही.