सात नंबरची डावी बाजू

विद्यापीठाच्या वन्यजीव विभागात टेलरबाई पहिल्यांदा गेल्या त्या गळ्यात टेप अडकवून. जंगलात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चौदा जॅकेटं शिवायची होती, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मावतील अशा खोल खिशांची. मापं घेता घेता त्यांची नजर सारखी भिंतीवरच्या बिबट्यांच्या फोटोंकडे वळत होती. शेवटी न राहवून त्यांनी विभागाच्या मॅडमना विचारलं, वरच्या ओळीतला तिसरा आणि खालच्या ओळीतला शेवटचा, हे एकच जनावर ना? मॅडमनी चष्मा वर सरकवून त्यांच्याकडे पाहिलं. ते एकच होतं. एवढं ओळखायला मुलांना एक अख्खं सत्र लागतं, असं त्या म्हणाल्या.

चौकड्याच्या कापडात बावीस वर्षं रेघेला रेघ जुळवणाऱ्या बाईला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण मॅडमचं बोलणं डोक्यातून जाईना. लग्नाआधी घेतलेली विज्ञानाची पदवी कपाटात तळाशी पडून होती. विभागाच्या एमएस्सीच्या प्रवेशाला वयाची अट नव्हती. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी अर्ज भरला.

नवऱ्याने एवढंच विचारलं, की मग काजं कोण करणार? आणि आठवड्याभरात स्वतःच करायला शिकला. नणंद मात्र महिनाभर सगळ्यांना सांगत होती, वहिनी आता वाघांना सदरे शिवणार म्हणून.

वर्गात मुलं त्यांना काकू म्हणू लागली. संख्याशास्त्राने त्यांना घाम फोडला. दहावीतली लेक रोज संध्याकाळी कटिंगच्या टेबलावर वही पसरून समजावून सांगायची आणि आई चुकली की आईचाच आवाज काढून रागवायची. ठिपक्यांवरून बिबटे ओळखण्याच्या कामातही पहिल्याच महिन्यात फजिती झाली. जनावराची उजवी बाजू पाहून डावीही तशीच असणार, असं धरून त्यांनी जोड्या लावल्या आणि सगळ्या चुकल्या. सदऱ्याचं कापड दुहेरी घडी घालून कापतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या येतात. बिबट्या काही घडीवर कापलेला नसतो. ही चूक त्यांनी स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगितली.

दुसऱ्या वर्षी डोंगरातल्या बिबट्यांची मोजणी संपत आली. हे काम पीएचडी करणाऱ्या एका अबोल मुलाकडे होतं. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण तो हसत नसे. वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे लावले होते, पण काही बंद पडल्यामुळे सात नंबर दिलेल्या बिबट्याची फक्त उजवी बाजू मिळाली होती आणि अकरा नंबरची फक्त डावी. एकूण अकरा बिबटे, असा अहवाल तयार होता.

टेलरबाई त्या वेळी बाद फोटोंचा ढीग निस्तरत होत्या. त्यात एक फोटो होता, बिबट्या कॅमेऱ्याकडे पाठ करून वाकून अंग चाटतोय असा. तोंड दिसत नाही म्हणून कुणीतरी तो टाकून दिला होता. त्यांना मात्र पाठीचा कणा दिसला, शिवणीसारखा मधोमध, आणि त्याच्या दोन्हीकडचे ठिपके. उजवीकडे सात नंबर. डावीकडे अकरा.

त्यांनी तीनदा तपासलं. दोन वर्षं राबलेल्या पोराला कसं सांगायचं? त्यांनी तिन्ही फोटो त्याच्यासमोर मांडले. तो अर्धा तास पेन्सिलीच्या टोकाने एकेक ठिपका मोजत राहिला.

“काकू,” तो शेवटी म्हणाला, “मी एकाच जनावराला दोनदा मोजत होतो.”

“उसवायला लागतं रे कधी कधी. मी तर अख्खे कोट उसवलेत.”

त्या दिवशी प्रोफेसर हसला. फळ्यावरचा अकराचा आकडा त्याने स्वतःच पुसला. मॅडमनी अहवाल थांबवून दुरुस्त केला आणि त्यात टेलरबाईंचं नाव घातलं.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, “आज मी एक बिबट्या कमी केला.”

“मग डिग्री देणार की काढून घेणार?” त्याने दातांत दोरा धरूनच विचारलं.

डिग्री मिळाली. आता त्या सकाळी दुकानात असतात आणि दुपारी विभागात. फोटो ओळखण्याचं काम मॅडमनी त्यांच्याकडेच सोपवलंय. खरा बिबट्या कधी पाहिलात का, असं नवी मुलं विचारतात. एकदा पाहिलाय. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बदलून परतताना वीस पावलांवरून तो वाट ओलांडून गेला. मुलांना वाटतं, काकूंची बोबडी वळली असेल. वळली, पण जरा उशिरा. आधी त्यांनी ठिपके पाहिले. चार नंबर होता, आणि अंगाने चांगला भरला होता.