वल्ही कोण नेतं?

भट्टीचं खरं नाव पाण्यात कुणी घेत नसे. बेकरी त्याची, आणि डोकंही पटकन तापायचं, म्हणून आम्ही त्याला भट्टी म्हणायचो. सकाळच्या पावांची शेवटची खेप निघाली की तो बायकोला गल्ल्यावर बसवायचा आणि केसांतला मैदासुद्धा न झटकता सर्फिंगचा बोर्ड काखेत मारून खडकाच्या टोकाशी पाण्यात उतरायचा. लग्नाआधीपासूनचा नेम. लग्न ठरताना सासऱ्यांना म्हणाला होता म्हणे, "मुलगी सुखात राहील, फक्त सकाळी मला हाका मारायच्या नाहीत."

टोकाशी लाट एकाच जागी फुटते. तिथं सर्फिंग करणारे आम्ही मोजके. फुटत्या कडेच्या जो सगळ्यात जवळ, लाट त्याची. बाकीच्यांनी हात आवरायचे. कुठं लिहिलेलं नाही, पण मोडलं तर बोलणं बंद.

माशी शिंकली ती साडूमुळं. साडू म्हणजे भट्टीच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आधी सायकली भाड्यानं द्यायचा, मग त्या विकून त्यानं पॅडलबोर्ड आणले. दाराच्या फळीएवढे रुंद, जाड बोर्ड. त्यावर उभं राहायचं आणि लांब वल्ह्यानं पुढं जायचं. बंदराच्या आतल्या शांत पाण्यात कुणालाही जमेल असं काम. पण साडूची शेड होती टोकाला लागून, आणि नवख्या गिऱ्हाइकांना लाटाच हव्या असायच्या.

उभं असल्यामुळं त्यांना लाट आमच्या आधी दिसायची आणि ते लांबूनच ती पकडायचे. आजूबाजूला कोण आहे हे बघायचं असतं, हेच त्यांना ठाऊक नसे. पडले की वल्हं, बोर्ड, सगळं सोडून द्यायचे, आणि तो जड बोर्ड दावं तोडलेल्या बैलासारखा किनाऱ्याकडे सुटायचा. असाच एक भट्टीच्या खांद्यावर बसला. त्यावरून पडलेला टोपीवाला गृहस्थ पाण्यातूनच म्हणाला, "सॉरी हं, मला अजून वळवता येत नाही."

पुढं बरेच दिवस भट्टीला पिठाचं पोतं उचलता येईना. तो साडूकडं गेला.

"मोठ्या लाटा असतील त्या दिवशी तरी टोकाला कुणाला सोडू नकोस."

"समुद्र काय तुमच्या नावावर आहे का, साडूभाऊ?"

"समुद्र नाही. खांदा आहे."

साडू हसला नाही. भट्टीही नाही.

त्यानंतर वल्ही जायला लागली. लाटा चढल्या की सकाळी शेडमध्ये बोर्ड जागच्या जागी, कुलूप शाबूत, वल्ही तेवढी गायब. वल्ह्याशिवाय पॅडलबोर्ड म्हणजे नुसतीच फळी. लाटा उतरल्या की तीच वल्ही शेडच्या मागच्या भिंतीला टेकवलेली सापडायची. चोर माल परत आणून देतो, हे ऐकून गावात आधी हसू झालं. मग लोक विचार करायला लागले. वल्ही नसली तर मोठी लाट कुणाला मोकळी मिळते? आम्हालाच.

साडू रोज बेकरीत यायला लागला. रांगेत उभा राहायचा, घ्यायचा काही नाही. काउंटरच्या मागं नजर फिरवून म्हणायचा, "मोठ्या लाटेलाच बरी जातात, नाही का?" गिऱ्हाइकं पाव घेता घेता भट्टीच्या तोंडाकडं बघायची. पाण्यातही काही वेगळं नव्हतं. लाटेची वाट बघत बसलेलो आम्ही एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघायचो. मीही बघायचो, आणि माझ्याकडंही कुणीतरी बघत असणारच.

भट्टीचा संशय लांब्यावर गेला. लांब्या इलेक्ट्रिशियन, भट्टीचा जुना दोस्त. बोर्ड खांद्यावर बसला त्या दिवशी तोच म्हणाला होता, "यांची वल्ही काढून घेतली पाहिजेत, म्हणजे गप बसतील." शिवाय तारा-पकडींत ज्याचा हात चालतो त्याला साधं कुलूप काय जड? एकदा संशय आला की सगळंच त्यात बसायला लागतं. लांब्या उशिरा आला तरी भट्टीला शंका, लवकर आला तरी शंका.

एक दिवस तो पावाची गाडी घेऊन लांब्याच्या घरामागं गेला आणि गॅरेजच्या खिडकीला डोळे लावून उभा राहिला.

"काय शोधतोस?" मागून लांब्याचा आवाज आला.

"काही नाही. पाव द्यायला आलो होतो."

"खिडकीतून?"

भट्टीनं मग सरळच विचारलं. लांब्यानं गॅरेजचं दार सताड उघडलं, दिवा लावला आणि म्हणाला, "बघ. नीट बघ. वरचा माळाही बघ." भट्टी आत गेला. हीच त्याची चूक झाली. बघायला नको होतं. त्यानं माळासुद्धा बघितला, आणि तिथं जुन्या वायरींखेरीज काही नव्हतं.

घरी त्यानं हे बायकोला सांगितलं तेव्हा ती ताटाकडं बघत म्हणाली, "जाऊ द्या ना. कोणाचं काही बुडालं का?" एरवी शेजारणीची वाटी परत आली नाही तरी आठवडाभर बोलणारी बाई. भट्टीला ते खटकलं, पण तेव्हा त्याच्या डोक्यात लांब्याच होता.

पुढच्या लाटा चढल्या, वल्ही पुन्हा गेली. त्या दुपारी बायको दात दाखवायला गेली होती आणि मैदा संपला. खांदा दुखावल्यापासून कोठीतून पोती तीच ओढून आणायची, त्याला आत पाऊलही टाकू देत नसे. तो कोठीत गेला, पहिलं पोतं बाजूला केलं. मागं ताडपत्रीत गुंडाळलेली, दोन-दोन तुकड्यांत सुटी केलेली सगळी वल्ही होती.

आधी त्याला वाटलं, साडूनंच आणून ठेवली, मला अडकवायला. मग वाटलं, लांब्यानं सूड घेतला. तो मैद्याच्या पोत्यावर बसून राहिला. बायको परतली, कोठीचं दार उघडं बघून दारातच थांबली.

"झाका ते," ती हळूच म्हणाली. "कोणी बघेल."

तिनं फोन करून बहिणीला बोलावलं. मेहुणी आली ती रडायच्या बेतातच, पण बोलली स्पष्ट.

"भाऊजी, तुमच्या खांद्याला लागलं त्याच्या आधी आमची एक गिऱ्हाईक बाई खडकावर आपटली होती. तिचं डोकं मी टॉवेलनं दाबून धरलं होतं. हे म्हणाले, धंद्यात असं व्हायचंच. सांगून सांगून थकले. मग लाटा चढणार असं दिसलं की संध्याकाळी ह्यांच्या खिशातली चावी घेते, वल्ही गाडीत टाकते आणि ताईकडं आणते."

"आणि आळ माझ्यावर आला, तो?"

"तुम्ही काही केलं नव्हतं," बायको म्हणाली. "म्हणून वाटलं, निभावून न्याल."

"मी लांब्याच्या घराची झडती घेतली, बाई."

बायकोनं ताडपत्रीचं टोक वल्ह्यांवर ओढलं.

भट्टीनं ताडपत्री काढून टाकली. वल्ही उघडीच पावाच्या गाडीत भरली, दोघी बहिणींना पुढं बसवलं आणि भर दुपारी शेडसमोर गाडी उभी केली. तिथं गिऱ्हाइकं ताटकळत होती. आम्ही काहीजण किनाऱ्यावरच होतो, लांब्याही होता.

"आला बघा चोर, मुद्देमालासकट," साडू म्हणाला.

भट्टीनं तोंड उघडलं. मला अजूनही वाटतं, तो सगळं स्वतःवर घेणार होता. पण मेहुणी आधीच खाली उतरली.

"चोर मी आहे. चावी तुमची, खिसाही तुमचाच. आता सगळ्यांसमोर विचारा, का नेली ते."

साडूनं विचारलं नाही. त्याला उत्तर माहीत होतं. शेवटी गिऱ्हाइकांतल्या एकानं घसा खाकरला. "मग आज बोर्ड मिळणार की नाही?"

"आत बंदरात मिळतील," मेहुणी म्हणाली. "टोकाला नाही."

"आम्हाला काय, कुठंही चालेल," तो म्हणाला. त्याला टोक आणि बंदर यांतला फरकही माहीत नव्हता.

साडू काही दिवस घरात बोलत नव्हता. मग त्यानं शेड बंदराच्या आत हलवली. धंदा आहे तसा चाललाय. कुलूप मात्र नवीन आहे, आणि बेकरीसमोरून जाताना तो आजही कोठीच्या दाराकडं बघतो.

लांब्याकडं भट्टी स्वतः गेला आणि माफी मागितली. लांब्या शिडीवर होता. "बरं," म्हणाला आणि वायर सोलत राहिला. पाण्यात तो आजही भट्टीची लाट भट्टीला सोडतो, नियमाप्रमाणं. पण बेकरीत काही बिघडलं आणि त्याला बोलावलं, की हत्यारं काढण्याआधी म्हणतो, "तू इथं समोर उभा राहा. मी एकटा इथं काम करणार नाही."

भट्टी गिऱ्हाईक सोडून उभा राहतो, काम संपेपर्यंत.