वाकलेली फळी आणि माझे साडू

जालन्यापासून परतूरपर्यंत कुठल्याही घरातली फळी माझ्या साडूंना विचारल्याशिवाय वाकत नाही, असं माझ्या सासुरवाडीचं ठाम मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जुन्या जालन्यातल्या एका दुकानात ते आठवडाभर कापड मोजतात आणि रविवार उजाडला की पिशवीत हातोडी, पेचकस, सुतळी आणि सागवानाचे दोन-चार तुकडे टाकून नातेवाइकांच्या फळ्या सरळ करत हिंडतात. माणूस वाईट नाही. हे वाक्य लिहिताना मला किती त्रास झाला ते माझं मला माहीत, कारण लग्न झाल्यापासून मी त्यांच्यावर जळत आलो आहे.

कुणाच्याही घरी गेले की ते माणसांच्या आधी फळ्यांकडे बघतात. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले असताना पोहे समोर आले तरी यांची नजर तांब्याच्या हंड्यांखाली वाकलेल्या फळीवर. शेवटी राहवेना, तेव्हा मुलीच्या मामांना फळी धरायला लावून ती तिथल्या तिथे दुरुस्त केली आणि मगच पोह्यांना हात लावला. त्यांची पद्धतही ठरलेली. फळीच्या दोन्ही टोकांना सुतळी ताणायची, एक डोळा मिटायचा आणि मधला झोल बोटांनी मोजायचा. मग वैद्याने नाडी सोडावी तशी सुतळी सोडून म्हणायचं, "तिची पाठ दुखून राह्यली. कूस बदलून द्या." म्हणजे फळी उलटी करायची, पोटाची बाजू पाठीला. मग खाली सागवानी पट्टी ठोकायची आणि तिच्यावर पेन्सिलीने तारीख घालून लिहायचं, 'दुरुस्ती – स्वतः'. माझे सासरे आलेल्या पाहुण्यांना चहाआधी वाकायला लावून ही अक्षरं दाखवायचे. मी बदनापूरच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवलं, पण माझ्यासाठी त्या घरात कुणी कधी मान वाकडी करून बघितलं नाही.

अशात मी मुंबईहून सुट्या भागांचं कपाट मागवलं. मासिकातल्या जाहिरातीत एक बाई एका हाताने ते जोडताना दाखवली होती. रेल्वेच्या पार्सलने बाजू, फळ्या, स्क्रूंची पुडी आणि एक छापील कागद असं ते बदनापूर स्टेशनवर उतरलं. मी दोन्ही हातांनी ते तीन दिवसांत जोडलं. आळी बघायला आली. बायकोने कौतुकाने मधल्या फळीवर लोणच्याच्या बरण्या आणि माझी सगळी पुस्तकं मांडली. फळी लाकडाचा भुसा दाबून केलेली होती हे आम्हाला पावसाळ्यात कळलं. दिवाळीपर्यंत ती मधोमध चार बोटं खाली आली.

"दाजींना निरोप धाडू का?" बायको म्हणाली.

"बिलकुल न्हाई!" मी ओरडलो. "माझ्या कपाटाला त्यांचा हात लागला तर मी ते कपाट ठेवणार न्हाई."

पण पुढच्या रविवारी दाजी जेवायला येणार आहेत, हे तिने सांगून टाकलं. आता तिच्या डोळ्यांदेखत माझी लाज राहते की जाते, एवढाच प्रश्न उरला. शनिवारी दुपारी शाळा सुटल्याबरोबर मी बरण्या उतरवल्या, फळी उलटी केली, स्क्रू पिळले. विद्या त्यांचीच, पण हात माझे. फळी अगदी सरळ झाली, फक्त बरणी ठेवली की जराशी कण्हायची.

रविवारी साडू आले. चपला काढता काढता त्यांनी कपाट बघितलं, जवळ गेले, एक डोळा मिटला.

"मास्तर," ते म्हणाले, "एकदम बराबर केलंत. मला करायला काही ठेवलंच न्हाई की!"

त्या दिवशी मी चार पोळ्या जास्त खाल्ल्या. जेवणाआधी बायकोने मला दही आणायला बाजारात पिटाळलं, तर तेही गाणं म्हणत आणलं. पुढे सासऱ्यांपर्यंत बातमी गेली, आणि तेही एकदा येऊन माझ्या फळीपुढे उभे राहिले. पाच वर्षं ती फळी तसूभर हलली नाही. पाच वर्षं मी साडूंकडे जरा दयेनेच बघत होतो.

मग माझी आष्टीला बदली झाली आणि कपाट पुन्हा सुटं करावं लागलं. मधली फळी काढली तर मागच्या कडेला, बाहेरून कुणाला दिसू नये अशी, सागवानी पट्टी बसवलेली. तिच्यावर तेच वळणदार अक्षर, तारीख, आणि पुढे 'दुरुस्ती – मास्तर'.

मी पट्टी हातात घेऊन बसलो. बायको भांडी गुंडाळत होती.

"हे कधी केलं त्यांनी?"

"तुम्ही दही आणायला गेल्ते तवा," ती म्हणाली. "पट्टी मीच धरली होती. ते म्हनले, मास्तरांना सांगू नका."

घरात त्या दिवशी विरजण लागलेलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

मला राग आला. इतकी वर्षं जो माणूस माझ्याहून चांगला सुतार आहे म्हणून मी जळलो, तो माझ्याहून चांगला माणूसही निघाला, आणि हे मात्र मला कुठल्याही छापील कागदावरून शिकता येण्यासारखं नव्हतं. मी आष्टीत कपाट जोडलं आणि पट्टी होती तिथेच बसवली.

हल्ली साडूंचे हात थरथरतात. कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. पिशवी आणतात, पण उघडत नाहीत. मागच्या महिन्यात आले तेव्हा कपाटासमोर उभे राहिले, सवयीने एक डोळा मिटला आणि म्हणाले, "अजून टिकून हाय की, मास्तर!"

"मंग!" मी म्हणालो. "काम कुणाचं हाय?"

"तुमचंच," ते म्हणाले आणि खुशीत मान हलवली. मी त्यांच्या कपाखाली बशी धरली आणि चहा संपेपर्यंत तशीच धरून ठेवली.