तापीच्या पाण्याची शपथ

१९५८ साल, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस, सकाळचे नऊ. दंड एक्कावन्न रुपये. हजर : जातीचे तीन पंच, माझ्या मुलीचे होणारे सासरे आणि मी. जागा, तापीकाठच्या आमच्या देवळाचा ओटा.

तक्रार अशी, की आदल्या दिवशी मी दारू पिऊन केळीच्या मळ्यात दोनदा पडलो. पडलो हे खरं. घोटाभर गढूळ पाण्यात पाय दिसत नव्हते, आणि पाय दिसले नाहीत की ते कुठे आहेत हे मला कळत नाही. शहाद्याच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा दहादा हलवला होता. वर की खाली, यात मी सहादा चुकलो. "घरात आणखी कोणाला?" त्यांनी विचारलं. वडिलांना होतं, थोरल्या काकांनाही. "मग हे वंशातून आलंय. मुलांकडे लक्ष ठेवा."

हे फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पोरनं लगन हुई जाऊ द्या, तवलोंग तोंड उघडू नका."

आमच्याकडे शपथ घेतली की दंड माफ. अनवाणी उभं राहायचं, ओंजळीत तापीचं पाणी, डोळे मिटलेले. पंच तीनदा विचारणार, आपण तीनदा नाही म्हणायचं. मी थेंबही घेतला नव्हता, म्हणून न कचरता उभा राहिलो. डोळे मिटायचे म्हणजे काय, हे ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या 'नाही'ला झोकांडी गेली. तिसऱ्याला ओट्यावर आडवा झालो.

"तापीमायनी बी उभं ऱ्हाऊ दिधं नही!" थोरले पंच म्हणाले. सगळे हसले.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी होणाऱ्या व्याह्यांकडे पाहिलं. त्यांनी मला हात देऊन उठवलं आणि हळूच म्हणाले, "याही, दारू सुटस. रक्तनं काही ऱ्हातं, तर मी सोयरीक मोडीसन आत्तेच उठी जातू."

मी पंचांपुढे हात जोडले. "चूक झाली," म्हणालो.

बाराव्या दिवशी लग्न लागलं. सप्तपदीत मुलगी मान खाली घालून चालली. बाया म्हणाल्या, लाजाळू आहे. मी तिची नजर पाहत होतो. पाऊल टेकेपर्यंत ती पावलावरून हलत नव्हती, सातही वेळा.

एक्कावन्न रुपये त्याच संध्याकाळी देवळाच्या कारभाऱ्याला दिले. पावतीवर त्याने कारण लिहिलं, मद्यपान.